भोकं नसलेली सायकल

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. (साष्टांग खरंच घातलाय, गार फरशीवर. का घातला ते पुढं कळेल.)

मी तुझी सायकल भिंतीवरून उतरवली. ओरडू नकोस, वॉर्डातले बाकीचे आठ जण दचकतील. फोनवरच सांगणार होते, पण फोन स्वयंपाकघरात आणि आईचे कान फोनच्याही अलीकडे.

झालं असं, की मला काम मिळतंय. रक्त तपासणीच्या लॅबमधल्या बाईंना नमुने आणायला माणूस हवाय. चार दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या खोक्यात ठेवायच्या आणि दुपारच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. परीक्षेत दोनदा आपटलेल्या मुलीला मार्कशीट न मागता काम देणारी ही जगातली पहिली बाई. मीच आपणहून मार्कांचा विषय काढला, तर म्हणाल्या, ते राहू दे, सायकल दाखव.

दाखवली. तर कॅरिअर कुठाय म्हणाल्या. खोका पाठीवर चालत नाही म्हणे, अंगाच्या उबेनं नळ्या तापतात. सोळा तारखेपर्यंत कॅरिअर लागलं तर काम माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

कॅरिअर मिळवलंय. शेजारच्या काकांच्या जुन्या सायकलचं. त्यांना सांगून आणलं, म्हणजे आणल्यावर सांगितलं. पण तुझ्या सायकलला ते अडकवायला एक भोक नाही रे! ना सीटखाली, ना चाकापाशी. एवढी महागडी सायकल आणि चार भोकं द्यायला त्यांचं काय जात होतं? मी ड्रिल मशीन पैदा करू शकते. तू फक्त हो म्हण.

लोभ आहेच, तो हे वाचून आटू देऊ नकोस.
तुझी टिकली


८ मार्च

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक टपली. ती पाकिटात मावली नाही.

ड्रिल जिथून आणणार आहेस तिथंच राहू दे. ती रेसची सायकल आहे, फ्रेमच्या नळ्या पत्र्यासारख्या पातळ. भोक पाडलंस की तिथूनच चीर जाणार आणि एक दिवस फ्रेमचे दोन तुकडे होऊन तू मधोमध बसलेली असणार.

भोकं नसली तरी कॅरिअर बसतं. नीट वाच, नेहमीसारखं शेवटून नको. सीटचा दांडा ज्या कडीनं आवळलाय ती काढ. तिच्या जागी मागं दोन कान असलेली कडी मिळते, ती लाव. कॅरिअरचं वरचं टोक त्या कानांना. खालचे दोन पाय सीटपासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांना, आतून रबर असलेल्या क्लॅम्पनं. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ, रंगाला ओरखडा नको. सगळं कोरडं ठेव.

आणि हे सगळं काढता आलं पाहिजे. जूनमध्ये मी परत तिच्यावर बसणार आहे.

एक विचारायचं होतं. आई आली होती तेव्हा हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत अर्धा तास होती. बाहेर आली आणि माझ्या उशीचा अभ्राच सारखा करत बसली. खाण्यापिण्याचं बोलत होते म्हणाली. तुला काय म्हणाली?

सायकलीला जप, मग वेळ उरला तर स्वतःला.
दादा


१७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू दादाकडं रोज डबा घेऊन जातेस, पण हे पत्र चुकूनही तिकडं नेऊ नकोस. वाच आणि फाड.

दादानं सगळं बरोबर लिहिलं होतं, मी त्यात माझी अक्कल घातली. क्लॅम्पचं रबर नळीवर सरकेना म्हणून साबण लावला. सरसर चढलं. काल तिसऱ्या दवाखान्यातून निघाले आणि तसंच सरसर उतरलं. कॅरिअर चाकावर, खोका रस्त्यावर. दोन नळ्या फुटल्या. त्यातली एक अकरा दिवसांच्या बाळाची. त्याची शीर सापडेपर्यंत चार वेळा टोचलं होतं गं. आज पुन्हा टोचलं. बाई मला तिथं घेऊन गेल्या आणि उभं केलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. महिनाअखेरपर्यंत खोका त्या स्वतः नेणार आहेत. तोवर कॅरिअर पक्कं झालं तर ठीक.

सायकलवाले काका म्हणतात, फ्रेमच्या त्या नळ्या खाली निमुळत्या होत गेल्यात, या वजनाला क्लॅम्प आज ना उद्या घसरणारच. पक्कं करायचं तर भोकवाले चार कान पितळ वितळवून फ्रेमलाच जोडायचे. मग रंग जळणार आणि ती रेसची सायकल राहणार नाही.

आता हे दादाला कुठल्या तोंडानं विचारू? तो जून मोजतोय. डॉक्टर आईला काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे: गुडघा यापुढं अर्धाही वाकणार नाही, पॅडल पूर्ण फिरणार नाही. आईनं मला गळ्याची शपथ घातलीय. आजवर घरातली एकही गोष्ट माझ्या पोटात राहिली नाही, आणि ही राहिलीय तर नीट जेवण जात नाही.

तूच सांगशील का त्याला? तुझ्यावर तो चिडत नाही.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
टिकली


२० मार्च

चि. टिकलीस,
आशीर्वाद.

क्लॅम्प घसरल्याचं आणि त्या बाळाची नळी फुटल्याचं तुझं कार्ड मिळालं. साबण! त्याबद्दल नंतर.

तुझं कार्ड आणि आधीचं पत्र शेजारी ठेवून वाचलं. शेजारच्या काकांची टवाळी आहे, आईच्या कानांची आहे, माझ्या वॉर्डाचीसुद्धा आहे. माझ्या पायाची एकही नाही. माझं नाक सुजलं होतं तेव्हा तू महिनाभर मला वांगं म्हणत होतीस. आता मांडीपर्यंत प्लास्टर आहे आणि तू गप्प?

मावशीला विचारलं, तर ती पाणी आणायला उठली. जग भरलेला होता.

आता तूच लिही. सरळ लिही.
दादा


२३ मार्च

ती. दादास,
सा. न.

गुडघा अर्धाही वाकणार नाही. पॅडल पूर्ण फिरणार नाही. डॉक्टरांनी आईला हे फेब्रुवारीतच सांगितलं. तुला जरा बळ आलं की सांगू असं ठरलं होतं, पण बळ आलं हे कुणी ठरवायचं ते ठरलं नव्हतं.

आईची शपथ मी मोडली, आणि तिला सांगून मोडली. सकाळपासून ती तुझ्या धुतलेल्या कपड्यांच्या परत परत घड्या घालतेय.

कॅरिअर पक्कं करायचा एकच उपाय आहे, फ्रेमला पितळेनं कान जोडणं. ते कायमचं. मी करणार नाही. सायकल परत भिंतीवर टांगते. कामाचं बघू.

रागाव हवं तेवढं. पण लिहायचं थांबू नकोस.
टिकली


२७ मार्च

चि. टिकलीस,
आशीर्वाद.

डॉक्टरांना गाठलं. त्यांनी दोन बोटांचा कोन करून गुडघा किती वाकेल ते दाखवलं. फार कमी होता. दोन दिवस मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका माझा चहा पिऊन टाकत होते. तिसऱ्या दिवशी मी कप ओढून घेतला, तर म्हणाले, सुटलो, मला साखर चालत नाही.

आईला सांग, मी तिच्यावर रागावलेलो नाही. हे अजून पूर्ण खरं नाही, पण सांग.

सायकल भिंतीवर टांगायची नाही. सायकलवाल्या काकांकडं ने आणि चारही कान जोडून घे. पितळेनंच, वेल्डिंग करू देऊ नकोस, नळी जळेल. रंग जळताना तू तिथं थांबू नकोस. मी असतो तर मीही थांबलो नसतो. मग खोक्यात विटा भरून दोन दिवस फिरव. हललं नाही तरच बाईंकडं जा. आणि त्या बाळाच्या घरी एकदा जाऊन ये, एकटी.

आणखी एक. काकांनी आईला सांगितलं, आईनं मावशीला, मावशीनं मला, की सीट तू अजून माझ्याच मापावर ठेवलीयस. पाय टेकत नाहीत म्हणून दर चौकात उडी मारून उतरतेस. वेडी आहेस का? अशा उड्यांनी कुठला खोका टिकेल?

पाना घे. सीट पाच बोटं खाली कर, तुझे पाय टेकतील एवढी. आणि घट्ट आवळ. परत वर करायची नाहीये.

लोभ होता तेवढाच आहे, तसूभर कमी नाही.
दादा