शेजाऱ्यांची रेघ वर, आमची खाली

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आणि त्यांना सगळं स्पष्ट दिसू लागलंय, असं आईकडून कळलं. (म्हणजे तुमची पंचाईतच.) इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

त्याचं असं झालं, गेल्या महिन्यात साहेबांनी मला परिषदेसाठी एक आलेख काढायला सांगितला. आपल्या देशात आणि शेजारच्या देशात आपोआप उगवून आलेलं जंगल (कुणी लावलेलं नव्हे, लावलेल्याचा रकाना वेगळा, आणि तो आपल्याकडे चांगला गुबगुबीत आहे) तीस वर्षांपूर्वी किती होतं आणि आता किती आहे. काढला. शेजाऱ्यांची रेघ जिना चढावा तशी वर गेलेली, आणि आमची घसरगुंडीवरून खाली. साहेब तो बघून म्हणाले, "तू कागद उलटा तर धरला नाहीस ना?" मामा, मीही आशेनं उलटा धरून पाहिला. रेघा होत्या तशाच राहिल्या, आकडे मात्र डोक्यावर उभे राहिले.

मग शेजारच्या देशाच्या वनखात्यातल्या बाईंना फोन करून, तुम्ही नेमकं केलंत काय, असं विचारायचा हुकूम झाला. बाई म्हणाल्या, "काहीच नाही." लोकांनी डोंगरावरची शेती सोडली, खात्यानं तिथे गुरं जाऊ दिली नाहीत आणि पंचवीस वर्षं सगळे गप्प बसले, बस्स. साहेबांना ही योजना फार आवडली. काहीच न करण्यासाठी त्यांनी ताबडतोब नऊ जणांची समिती नेमली. पहिल्याच बैठकीत समितीनं ठरवलं की काहीच न करण्याआधी जागा स्वच्छ करून घ्यावी, म्हणजे असलेली झुडपं काढावीत. (विरोध कुणाचाच नव्हता. इतिवृत्त मीच लिहिलं.)

तेवढ्यानं रेघ काही वर येईना. मग साहेबांना सुचलं की सुरुवातीचा आकडाच फुगलेला असणार. तेव्हाच कमी होतं म्हटलं, की गेलंही कमी. आता तो आकडा कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही खात्यात असतानाची तुमची मोजणीची वही कपाटाच्या तळातून निघाली. तेच तिरकं अक्षर, तीच पेन्सिल. मी वही घेऊन जीपनं जागेवर गेलो. तुमच्यापासून काय लपवायचं, तुमची चूक सापडावी म्हणूनच गेलो.

सापडली नाही. तुम्ही लिहिलेत ते हद्दीचे एक्केचाळीस दगड, एक्केचाळीसही जागेवर. कोरलेले आकडेसुद्धा वाचता येतात. दगडांच्या मधलं जंगल मात्र नाही. तिथे एकाच जातीची, एकाच उंचीची झाडं कवायतीला उभी केल्यासारखी रांगेत आहेत. खाली गवताची काडी नाही, वर पाखरू नाही. जीपचा ड्रायव्हर उतरला, इकडे तिकडे बघून म्हणाला, "आपण जंगल बघायला आलो होतो ना? ते कुठे आहे?" मी म्हटलं, "हेच." तो म्हणाला, "हे तर लावलंय कुणीतरी." लावलेलं म्हणजे जंगल नव्हे, हे खात्याला इतकी वर्षं दिसलं नाही, ते त्या माणसाला एका मिनिटात दिसलं. वहीच्या समासात तुम्ही लिहिलंय: 'फार दाट. पाऊल टाकायला जागा नाही. पुरे दोन दिवस लागले.' मामा, मी ऑफिसच्या बुटांनी पाऊण तासात पार झालो. मग तेविसाव्या दगडावर बसलो आणि काय झालं कोण जाणे, एकदम रडूच फुटलं. ड्रायव्हरला वाटलं मुंगी चावली. धावत जाऊन मलम घेऊन आला बिचारा. ते मी मुकाट्यानं हाताला लावून घेतलं.

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, "सापडली चूक?" आणि मी हो म्हणालो. का म्हणालो, विचारू नका. वीस वर्षांच्या नोकरीत मान त्याच दिशेनं हलायला शिकली आहे.

मामींना नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुमचा,
भाचा

ता. क. सोबत एक मसुदा जोडला आहे. त्या वेळी मोजणीत आपल्या हातून चूक झाली, जंगल लिहिलं त्याच्या निम्मंच होतं, असं तुम्ही त्यात कबूल करता. खाली सही करून गुरुवारपर्यंत पाठवावा. मसुदा मीच लिहिलाय, त्यामुळे भाषा चांगली आहे.

आणखी ता. क. सही करू नका. मसुदा फाडून टाका आणि साहेबांना एक कडक पत्र लिहा: आकडा बरोबर आहे, एक झाडसुद्धा कमी करणार नाही. त्यात मलाही चार शब्द सुनवा, म्हणजे पत्र खरं वाटेल. मी हो म्हणून बसलोय, मामा. नाही म्हणता येणारे आपल्यात तुम्ही एकटेच उरलात.