आखूड ओळ

यॉर्कशायर, २४ ऑक्टोबर १९६४

प्रिय आई,

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तू विणलेली टोपी उसवू नकोस, राहू दे. बाबांचा खोकला थांबला का?

काल गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून समोरच्या हिरवळीवर डॅफोडिलचे कंद लावले. शेजारच्या पिकर्सगिलबाईंचा दंडकच आहे, की कंद मूठमूठ उधळायचे आणि पडतील तिथेच पुरायचे. तुझ्या जावयाने, क्लिफर्डने मात्र दोन विती लांबीची सरळ ओळ लावली.

"काय रे, थडगं आखतोयस का?" बाई हसत म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. "आमचं बाळ मेलेलंच जन्मलं. कुठे पुरलं, ते इस्पितळवाले सांगत नाहीत."

बाई गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या ओळीशेजारी त्यांनी तेवढीच दुसरी ओळ लावली. "माझी मुलगी," एवढंच म्हणाल्या. "तीस वर्षं झाली."

आई, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली डॅफोडिलची एक आखूड ओळ आहे. तिथे तू आम्हाला कधी खेळू दिलं नाहीस. ती कुणाची गं?

तुझीच,
लोवेना