लिली तुस्कानोची रेघ

१२ ऑक्टोबर
आले एकदाची वसईत. कराडची माणसं सांगत होती, तिकडे नुसत्या बिल्डिंगा आहेत. इथे उमेळ्याला माझ्या खिडकीबाहेर केळी आहेत, जामाचं झाड आहे, आणि हो, त्यापलीकडे हिरवी जाळी पांघरलेली एक बिल्डिंगही आहे. म्हणजे कराडकरांचं अर्धं खरं.

खोली व्हॅलेरियन तुस्कानो अंकलच्या घरामागे मिळाली. अंकल विधुर, घरात ते आणि त्यांची मुलगी लिली. लिली बालवाडीत शिकवते, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान असेल. जानेवारीत तिचं लग्न आहे, नवरा मुलगा मेलरॉय जहाजावर नोकरीला आहे. मी म्हटलं, बरं आहे, भांडायला तो फक्त सुट्टीतच सापडेल. ती इतकी हसली की अंकल बाहेर येऊन बघून गेले. मैत्री जमायला मला सहसा महिने लागतात, इथे एक संध्याकाळ पुरली.

१५ ऑक्टोबर
गोखिवऱ्याचं आमचं हॉस्पिटल छोटं, पण हौस मोठी. नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. जुन्या कागदी फायलींतले रक्ता-लघवीचे रिपोर्ट त्यात भरायचे, हे माझं काम. एका पेशंटचे सगळे आकडे भरले की सॉफ्टवेअर त्यांची रेघ काढून दाखवतं. साखर वर चाललीय की खाली, एका नजरेत कळतं. डॉक्टर श्रीरंग सर म्हणतात, एकटा आकडा खोटं बोलू शकतो, रेघ बोलत नाही.

मला हे काम आवडतं. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. एक माणूस, एक फाइल, हा माझा धर्म.

१८ ऑक्टोबर
लिली लग्नाआधीच्या तपासण्या करायला आली होती. सगळं ठणठणीत. क्रिएटिनिन ०.७. मूत्रपिंड रक्त नीट गाळतंय की नाही ते हा आकडा सांगतो, आणि एकच्या खाली असला की काळजी नसते. मी तिला म्हटलं, मेलरॉयला सांग, माल एकदम पास. तिने मला चापट मारली.

२१ ऑक्टोबर
दिवाळीतही कामावर. नवी नोकरी, रजा कोणत्या तोंडाने मागायची? हॉस्पिटल रिकामं होतं म्हणून डुप्लिकेट फायली काढायला बसले. एकच पेशंट दोनदा नोंदला गेला असेल तर सॉफ्टवेअर दोन्ही फायली शेजारी ठेवून विचारतं, हे दोघे एकच का? हो म्हटलं की दोन्ही एकत्र होतात. मर्ज.

त्यात लिली तुस्कानो निघाली. एक तिची परवाची फाइल, दुसरी मीच भरलेली जुनी कागदी. नाव तेच, पत्ता तोच, फोन अंकलचाच. जुन्या फायलीत वयाच्या जागी नुसतं ‘प्रौढ’ लिहिलेलं, तेव्हा सगळे तसंच लिहायचे म्हणे. पण त्या जुन्या फायलीतलं क्रिएटिनिन वाईट होतं, चढतच गेलेलं. मला वाटलं, पोरीला पाच-सहा वर्षांपूर्वी मोठं दुखणं झालेलं दिसतंय, लग्न ठरायचं म्हणून घरच्यांनी झाकून ठेवलं असेल. झाकली मूठ. आपण कशाला बोला? हो म्हणून पुढे गेले.

२८ ऑक्टोबर
लिलीला थकवा आलाय, पावलांवर सूज आहे. सरांनी पुन्हा रक्त घेतलं. क्रिएटिनिन १.४. दहा दिवसांत दुप्पट. सरांना पटेना, मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी सातिवलीच्या बाहेरच्या लॅबमध्ये नमुना पाठवला. तिथूनही १.४ आलं.

२ नोव्हेंबर
आज मृतांचा दिवस. लिलीला चालवत नव्हतं तरी ती आली, म्हणून मीही अंकलबरोबर कबरस्तानात गेले. सगळ्या कबरी धुतलेल्या, फुलं, मेणबत्त्या. अंकलनी एका क्रूसापाशी मेणबत्ती लावली आणि सांगितलं, ही माझी आई, किडनीने गेली.

क्रूसावर लिली तुस्कानो असं नाव होतं.

मी बघतच राहिले. अंकलना वाटलं मला आवडलं. ते म्हणाले, आमच्यात पहिल्या नातीला आजीचं नाव देतात, रिद्धी बाय, तुमच्यात नाही का कोन ठेवत? घरात त्या बाईंना सगळे नुसतं आजी म्हणत आलेत. नाव मला कळणार कुठून?

मी जिवंत मुलीची आणि मेलेल्या बाईची फाइल एक करून ठेवली आहे.

३ नोव्हेंबर
सकाळी आधी सरांना गाठून सगळं सांगितलं. ते रागावले, पण समजुतीनेच. म्हणाले, नोंद दुरुस्त करा, पण रिद्धी, नोंदीने कुणाचं रक्त बदलत नाही. खरंच आहे. शिकलेली बाई आहे मी.

मग आजीची जुनी कागदी फाइल उघडली. तिचे आकडे ओळीने असे आहेत: ०.७, १.४, २.६, ४.९, ८.३. त्यानंतर काही नाही. त्यानंतर ती गेली.

दुपारी लिलीचा आजचा रिपोर्ट आला. २.६.

५ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रणवला फोन केला. तो च्युइंगम चघळत बोलत होता. म्हणाला, मॅडम, मर्ज हो गया तो हो गया, ते उलटं नाही होत. सही झालेला रिपोर्ट पुसता पण येत नाही. एकच होऊ शकतं, जुने रिपोर्ट दुसऱ्या कोणाच्या फाइलवर शिफ्ट करायचे. आजीची वेगळी फाइल नव्याने बनवते म्हटलं, तर जुन्या कागदांसाठीची सूट महिनाअखेर संपली, आता ओटीपी लागेल म्हणाला. जिवंत माणसाच्या आधारला जोडलेला फोन लागेल. मेलेल्या माणसाची नवीन फाइल उघडत नाही.

८ नोव्हेंबर
४.९. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, सगळंच आजीचं, दशांशासकट. मी दोन्ही कागद सरांसमोर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि उलटे करून ठेवले. मला बाहेर जायला सांगितलं. लिलीला भरती केलंय, डायलिसिस सुरू आहे. मला भीती वाटते. खूप भीती वाटते.

१० नोव्हेंबर
मेलरॉयचा व्हिडिओ कॉल आला, जहाजावरून. लिलीने पडद्याकडे पाहिलं आणि अंकलना विचारलं, ह्यो पोरगा कोन? मग अंकलच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, बाबा, तू जेवलास काय रे?

अंकल बाहेर येऊन भिंतीला टेकले. म्हणाले, आई असंच विचारायची, शेवटी शेवटी.

११ नोव्हेंबर
उद्या तिचं रक्त घेतील. पुढचा आकडा मला माहीत आहे.

तिचे पाय मी चेपून आले. ती मला ओळखत नाही. ही मुलगी माझ्यामुळे मरते आहे. हे कुणीच मानणार नाही, आणि खरं मात्र तेच आहे.

१२ नोव्हेंबर, सकाळ
शिफ्टची खिडकी उघडली. आजीचे रिपोर्ट निवडले. कोणाच्या फाइलवर, असं विचारलं. खाली नावांची यादी, सरकवत जावी तितकी पुढे.

कुणीही चाललं असतं. सातिवलीच्या गोदामातला एक माणूस होता, तापासाठी एकदाच आलेला, पुन्हा यायचा नाही. त्याच्या नावावर बोट ठेवलं होतं. फोन नंबरासमोर ‘पत्नी’ असं लिहिलेलं. बोट उचललं.

नोकरीला लागताना माझी तपासणी झाली होती. माझीही फाइल आहे. ओटीपीसुद्धा झालेला आहे.

सर म्हणालेत ना, नोंदीने रक्त बदलत नाही. मग कशाला घाबरायचं —

केलं.

१२ नोव्हेंबर, दुपार
लिलीचं क्रिएटिनिन ०.७. सर तीन वेळा चष्मा पुसून वाचत होते. तिने मला हाक मारली, नावाने. मेलरॉयला फोन लावून दे म्हणाली. अंकल माझे हात धरून रडले. मीही रडले.

१५ नोव्हेंबर
चपला होत नाहीत पायात.

१७ नोव्हेंबर
रक्त दिलं. रिपोर्ट पाहिला नाही. तो आणायला लिली गेली होती, तिने पाहिला असणार, ती माझ्याशी बोलताना डोळे चुकवते — तिला काही सांगायचं नाही. सांगितलं तर ती परत स्वतःच्या नावावर घेईल, तशीच आहे ती. यादीतलं दुसरं नाव अजून निवडता — नाही. नको.

आईला कराडला फोन केला, पाय सुजलेत एवढंच सांगितलं. ती म्हणाली मी येते —

२० नोव्हेंबर
सर डायलिसिस म्हणतात. रेघ —

कराडच्या घराचा रंग कोणता होता? आठवेना. इथली जुनी विहीर आठवते, बुजवलेली. मी ती पाहिलेलीच नाही —

२२ नोव्हेंबर
मला मागच्या खोलीत का ठेवलं, माझी खाट पुढे असते. केळींना पानी दिलं नाही कोनी.

अंगनात एक बाई आलीय, लांबून आलीय. रिद्धी रिद्धी करून माझा हात सोडत नाही, रडतेय. कोनाची आई आहे बिचारी. मी व्हॅलेरियनला सांगितलं, बाबा, तिला बसव, पानी दे. पोर हरवली की आईचं काय होतं ते मला ठावं. तू लहान होतास, खाडीकडे गेलास, सांज झाली तरी आला नाहीस, तवा मी तुला हाका मारत —