हरिचंद्रदादाचं तेल

बारवी धरण,
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सगुणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तू दोन मिनिटांत ‘मी बरा’ म्हणून ठेवतोस, म्हणून बदलापूरला येणाऱ्या चंदरच्या जीपबरोबर चिठ्ठी देते आहे.

ह्यांना लकवा होऊन महिना झाला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन शब्दांच्या पुढे जात नाही. डॉक्टरांनी बजावलंय की पहिले सहा महिने महत्त्वाचे, व्यायाम शिकवणाऱ्याकडे न्या. हे तयार नाहीत. मी विषय काढला की ‘हरी बरा’ एवढंच म्हणतात. तू लकव्यातून घरच्या घरी बरा झालास, मग आपणही होऊ, असा हट्ट आहे. मीही तुझंच कौतुक सांगत बसते, माझीही अक्कल तेवढीच. तेव्हा तू कुठलं तेल लावलंस ते कळव.

वहिनींना नमस्कार. लोभ असावा.
तुझी सगुणा

मांजर्ली, बदलापूर,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सगुणास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर सूनबाई विनिताचं आहे, कारण माझा हात अजून लिहीत नाही. तेल मी फक्त डोक्याला लावलं, तेही खोबरेल.

आपल्या दिपेशच्या लग्नात, हळदीला, मी लुळा उजवा हात खिशात घालून पुढाऱ्यासारखा फिरलो. लोकांना ऐट वाटली. हात बाहेर काढला असता तर वरणाची वाटीही धरता आली नसती. व्यायामासाठी पाच वेळा मुंबईला गेलो. वीस मिनिटांसाठी येऊन-जाऊन चार तासांचा प्रवास. आमच्यासारख्यांनी जगायचं कसं, असं भाषण घरात रोज ठोकलं आणि जाणं सोडलं.

भाषण खरंच होतं गं. पण आठ महिन्यांपूर्वी व्यायाम शिकवणारी एक बाई अंबरनाथला दर गुरुवारी बसू लागली. रिक्षाने जाता येतं. तिथे बोटं चालावीत म्हणून मोठ्या माणसांना बालवाडीतल्या पोरांसारखं भोकांत खुंट्या घालायला लावतात. एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होतो मी. जुन्या सोबत्यांनी पाहिलं तर, म्हणून मी दारातूनच परतलो. आता लांब म्हणायची सोयही उरली नाही.

माझ्या खोटेपणाने शंकररावांचा महिना गेला, याची मला मनापासून लाज वाटते. मला शिव्या दे, पण त्यांना घेऊन ये. मुक्कामाला आमच्याकडेच राहा.

लोभ कमी झाला असेल तर तो माझ्याच कर्माने.
तुझा दादा

बारवी धरण,
१० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खुंट्यांपाशी हे इतके हसले की मी घाबरले. मग भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, आता तर मुळीच यायचे नाहीत.

संध्याकाळी मला हाताने जवळ बसवलं. एकेक शब्द जुळवायला बराच वेळ लागला, मी मध्ये बोलले नाही. म्हणाले, ‘‘तो एकलाच कशाला लाजल? मी पन येतू.’’

महिन्याभरात त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य, दादा. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

बुधवारी येतो. गुरुवारी तुम्हा दोघांना मी नेणार आहे. लोभ आहेच, पण दारातून परतलास तर बघ.

तुझी सगुणा