घसा बसल्यापासून

सोमवार, ३
सुपरवायझर झाले. लॉन्ड्री तीच, हॉस्पिटलच्या चादरी त्याच. मालक म्हणाले, महिनाभर बघू. चादरी वेळेवर गेल्या तर कायम, नाही तर पुन्हा घडीच्या टेबलावर. भीती नाही. माणसं मुळात कामचुकार असतात, एवढं ओळखलं की झालं. (मी टेबलावर होते ती गोष्ट वेगळी. मी अपवाद.)

मंगळवार, ४
नियम केला : मला विचारल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. पाठ वळली की झोपतील. म्हणून वळवलीच नाही. जेवले उभ्यानेच.

गुरुवार, ६
नियम लागू पडला. इस्त्रीवाल्या मावशी, "मॅडम, ही चादर उलटी करू का?" ड्रायरवाला, "मॅडम, शिंक येतेय. शिंकू का?" सगळे हसले. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. मळक्या चादरींचा ढीग मात्र दारापर्यंत आलाय.

शनिवार, ८
बाथरूममध्ये होते. जळका वास. बाहेर ड्रायरवाला शांत उभा. "मॅडम, मशीन बंद करू का?" अरे, हे काय विचारतोस! तर म्हणे, "तुम्हीच सांगितलंत." चादरी करपल्या. मालकांचा फोन आला, उचलला नाही. आणखी कडक व्हायला हवं.

सोमवार, १०
ओरडून ओरडून घसा बसला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर एक शब्द नाही. नवरा म्हणाला, रजा घे. रजा! तरी गेले. मावशींनी काही विचारलं, मी गळ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "असं होय? मग आमचं आम्ही बघतो."

बुधवार, १२
ढीग संपला. नक्की काहीतरी लबाडी. गठ्ठे उघडून पाहिले. घड्या सरळ. मावशींनी गरम पाणी आणून दिलं. "अजिबात बोलू नका हं, मॅडम. अजून महिनाभर तरी." किती ती काळजी!

शुक्रवार, १४
मालक आले. चादरी वेळेच्या आधी रवाना. म्हणाले, "वचक बसला की हो तुमचा! असंच चालू द्या." मान डोलावली. शेवटी माझी पद्धतच खरी.

सोमवार, १७
आंघोळ करताना आवाज परत आला. खणखणीत. एकदाच "चला, कामाला लागा" म्हणून पाहिलं आणि अंगाला दरदरून घाम फुटला. नवऱ्याने बाहेरून विचारलं, "काय गं, काही म्हणालीस?" नळ मोठा सोडला.
मग गळ्याला मफलर गुंडाळला आणि कामावर गेले.