ऊन परतण्याआधी

प्रिय ताई,

बाबा गेल्याचं ऐकून तुला रडू तरी आलं का? असं तू मला फोनवर विचारलंस. तू फोन ठेवलास, मी हातमोजे चढवले आणि फुगा सोडायला बाहेर बर्फात गेले.

फुग्याखाली थर्माकोलचा डबा असतो. त्यातलं यंत्र वर जाताजाता हवेतला ओझोन मोजतं. सोडण्याआधी त्याला ओझोन नसलेली हवा द्यायची. तरी आकडा शून्यावर येत नाही, थोडासा उरतोच. तो टिपायचा आणि पुढच्या मोजणीतून वजा करायचा. सध्या माझ्यात तेवढंच काहीतरी उरलंय. जेवते, झोपते, तळावरच्या सुतारकाकांच्या विनोदांवर हसतेही.

घरातली पहिली पदवी मी घेतली, तेव्हा फोटोसाठी बाबा हात घासून घासून आले होते, तरी नखांत डांबर होतंच. जन्मभर लोकांची गळकी छपरं बुजवली त्यांनी. मी इकडे दक्षिण ध्रुवाकडे निघाले तेव्हा बाबा शेजारच्या काकूंना म्हणाले, पोरीनं आभाळाचं छप्पर अंगावर घेतलंय. काम माझ्यापेक्षा मोठं, पण गिऱ्हाईक काही दिसत नाही. तू हसून बेजार झालीस. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की छप्पर कोरडं असताना बघून ठेवावं, गळायला लागल्यावर कोणीही वर बोट दाखवतं.

इथे तसंच आहे. अंधाराचे महिने सरून ऊन परतलं की वरचा ओझोन झपाट्याने घटतो. किती घटला हे कळायला अंधारातली मोजणी हवी. मोजणीतला माझा जोडीदार पाय मोडून मागच्या विमानाने गेला. मी गेले तर मोजणी बंद.

तू म्हणालीस, घरी ये, एकटीला हे घर खायला उठतं. खरं सांगू? मी कामासाठी थांबतेय की बाबांची रिकामी खाट बघवणार नाही म्हणून, ते माझं मलाच कळत नाही. मोठमोठ्या गोष्टी बोलायची माझी खोड तुला माहीत आहे. आज एकही सुचत नाही.

हे पत्र घेऊन निघणारं विमान हिवाळ्यापूर्वीचं शेवटचं. त्यात माझी जागा होती. सुतारकाकांच्या मुलीचे दिवस भरत आलेत आणि त्यांना जागा मिळत नव्हती, म्हणून माझी मी त्यांना दिली. पत्र तेच तुझ्या हातात देतील. रागव, पण त्यांच्यावर नको. माझी बॅग मी रिकामी करून कॉटखाली सरकवली आहे.

तुझीच,
धाकटी