पालथ्या चांदण्या

फेस शहर, शाबान महिन्यातला गुरुवार

लाडक्या बतूलला आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अख्ख्या गल्लीला मध घातलेल्या करंज्या वाटल्या. राबातच्या नव्या नाट्यगृहाच्या दाराशी माझ्या नातीची झलीजची, रंगीत फरशीच्या तुकड्यांची भिंत! शेजारची कन्झा नाक मुरडून म्हणाली, फरशा फोडणाऱ्या मुलीला नवरा कोण देणार. मी म्हटलं, तुझ्या जावयाला चहाचं तबक तरी सरळ धरता येतं का. पण बाई, तुकडे रंगाची बाजू खाली करून मांडायचे, वरून गिलावा ओतायचा, आणि उभं केल्यावरच काय झालं ते दिसायचं, हे ऐकूनच मी दुआ मागत बसते. जेवत जा. फोनवर मला ऐकू येत नाही, तेव्हा लिहीत जा.

तुझीच वेडी आजी

राबात, रविवार

आजीस बतूलचा सलाम, वि. वि.

आजी, हे कुणाला सांगू नकोस. दाराच्या दोन्ही अंगांच्या चांदण्यांच्या पाकळ्या दाराकडे कलायला हव्यात. पालथं मांडताना डाव्याचं उजवं होतं, म्हणून चित्र उलटं करून घ्यायचं. डावा भाग मी तसाच केला. उजवा मात्र चित्रात दिसला तसाच मांडून बसले. गिलावा वाळल्यावर लक्षात आलं. उभा केला की त्याच्या पाकळ्या दाराकडे पाठ फिरवतील. बुधवारी उचलणार. आमचे उस्ताद, मुअल्लिम तावदी, ह्यांनी सगळ्यांशी भांडून मला ही भिंत दिली. हाकलतील. सोबतचा हमाद सहज म्हणाला, बघणाऱ्याला कुठे कळतं. गप्प राहू का? पत्र फेसला येणाऱ्या बसवाल्या सलामच्या हाती देतेय, लगेच उत्तर दे.

तुझी घाबरलेली बतूल

फेस, सोमवार

बतूल बाळे, आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचताना चुलीवरचा मसुरांचा हरीरा करपला, कन्झा वासाने धावत आली, तिला सांगितलं मसूर जुने होते. बघणाऱ्याला नसेल कळत, पण तावदीला नुसती मागची बाजू बघूनही कळेल. उचलायच्या आधी सांग. आधी सांगितलं तर चूक, नंतर कळलं तर लबाडी. हाकललं तर गाडीत बस आणि इकडे ये, अंथरूण घालून ठेवते. हे पत्र मीही सलामच्याच हाती देतेय, टपालावर माझा भरवसा नाही. बाकी सारा वेळ मी नमाजाच्या जानमाजवर आहे, गुडघे दुखतायत.

जीव टांगलेली आजी

राबात, गुरुवार

आजीस सलाम, वि. वि.

सांगितलं. मुअल्लिमनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ठरलंय तसं उचला. भाग उभा राहिला. आजी, एक तुकडा हलला नव्हता, निळा रंग तर असा होता की हमादसुद्धा जवळ येऊन बघत राहिला. फक्त दाराकडे पाठ. मग मुअल्लिमनी माझ्या हातात हातोडी दिली. मीच फोडला. जे तुकडे शाबूत राहिले ते पाण्यात भिजतायत, गिलावा सुटला की पुन्हा मांडायचे. कोण मांडणार, विचारायची हिंमत नव्हती. त्यांनीच विचारलं, भीती वाटते का. वाटते म्हटलं. मग तूच मांड, म्हणाले.

गुडघ्यांना तेल लाव. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी बतूल